पावणेदहा म्हणजे किती?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

जानेवारीतली गोष्ट. आम्ही नॉटिंगहॅमला, माझी आई साताऱ्याला. लेक नऊ वर्षांची, इयर फाइव्हमध्ये. आजी-नातीच्या फोनची वेळ एरवी मी जुळवून देते, पण त्या दिवशी मी कामावर होते, म्हणून आईने थेट नातीलाच सांगितलं, "उद्या आमच्या पावणेदहाला फोन कर गं. मावशी बाळाला घेऊन आलीय, सकाळी लवकर निघणार. तुला बाळ दाखवते."

लेकीने हिशेब केला. पाव म्हणजे क्वार्टर हे तिला ठाऊक होतं, दहा म्हणजे टेन. म्हणजे क्वार्टर पास्ट टेन. हिवाळ्यात भारत आपल्या पुढे साडेपाच तास, तेवढे वजा केले, इथले पावणेपाच आले. बरोबर पावणेपाचला तिने फोन लावला. तिकडे तेव्हा सव्वादहा वाजले होते. बाळ झोपलं होतं, आईने अर्धा तास वाट बघून फोन चार्जिंगला लावला होता आणि दिवा घालवला होता. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "असू दे गं, मुलांना त्यांचे खेळ असतात." हा स्वर तुम्ही सगळे ओळखता.

लेक मात्र रडून रडून एकच सांगत होती, की माझी वजाबाकी बरोबर होती. आणि खरंच बरोबर होती! दुसरी एक वजाबाकी राहून गेली होती, ती त्या शब्दाच्या पोटात होती. पावणेदहातून साडेपाच गेले की सव्वाचार उरतात. तिला तो शब्द कोणी उलगडून सांगितलाच नव्हता. कोणी म्हणजे मीच.

मग मी या शब्दांच्या मागे लागले. जे हाती आलं ते इथे लिहितेय, कारण तुमच्याही घरी "साडेएक वाजले" आणि "साडेदोन पाउंड" चालू असणार.

संस्कृतात पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. त्याचाच आपला पाव. ऊन म्हणजे कमी (एकोणीस, एकोणतीसमध्ये लपलाय तोच). पाद + ऊन = पादोन, त्याचं झिजून पाऊण आणि पावणे. म्हणजे पावणेदहा हे "दहाला पाव कमी". नुसतं पाऊण म्हणजे एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. इथपर्यंत सरळ आहे.

गंमत पुढे आहे. साडेएक आणि साडेदोन का नाही? कारण दीड आणि अडीच हे शब्द वेगळ्याच पद्धतीने घडलेत. अडीच म्हणजे मुळात अर्धतृतीय: तिसरा अर्धा. पहिले दोन पुरते आहेत हे धरूनच चाललंय, तिसरा तेवढा अर्धा. दीड म्हणजे तसाच "दुसरा अर्धा". आणि या घरातला तिसरा भाऊ म्हणजे औट, अर्धचतुर्थ, चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. "औटघटकेचा राजा" म्हणतो ना आपण, त्यातला हा औट. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे बिचाऱ्याचं राज्य एक तास चोवीस मिनिटांचं. तुमच्या मुलांच्या वर्गात कोणी जर्मन मूल असेल तर विचारा: जर्मनमध्ये दीडला अजूनही "दुसरा अर्धा" अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि जर्मन माणूस "अर्धा सात" म्हणतो तेव्हा त्याच्या घड्याळात साडेसहा वाजलेले असतात. इंग्रज "हाफ सेव्हन" म्हणतो तेव्हा साडेसात. म्हणजे गोंधळ फक्त आपल्याच घरात आहे असं नाही.

आता हे शब्द नुसते वेळ सांगायला नव्हते. त्यांचे पाढे होते. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवचा म्हणायचा, त्यात तिसापर्यंतचे पाढे आणि त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचा पाढा. जुन्या अंकलिप्यांमध्ये हे सगळे छापलेले असत. माझ्या आईला हे शाळेत फारसं नव्हतं, पण तिच्या वडिलांनी घरी घोकून घेतलं होतं.

पाऊणकी म्हणून बघा: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. हेच इथल्या वहीत ०.७५, १.५, २.२५, ३, ३.७५, ४.५, ५.२५, ६. दोन्ही ओळी एकच सांगतात. पण पहिल्या ओळीत प्रत्येक उत्तराला स्वतःचं नाव आहे. सव्वादोन ऐकलं की दोन आणि थोडंसं वर, पावणेचार ऐकलं की चारला जरासं कमी. अंदाज आधी येतो, आकडा मागून. इथे इयर फोरला जूनमध्ये पाढ्यांची चाचणी असते, बारा बारापर्यंत, पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. त्याची धास्ती आपण सगळ्यांनी घेतलीय. आपल्या पणजोबांच्या सहा सेकंदांत अपूर्णांक होते!

पणजोबांच्या म्हणाले, पणजीच्या नाही, ते मुद्दाम. पंतोजींच्या त्या शाळांचं उगाच कौतुक नको. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, चुकलं की छडी, मुली जवळजवळ नाहीत, दलित मुलांना दारच बंद. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. घोकंपट्टीत अर्थ कळायचा की नाही हाही प्रश्नच. पण बाजारात कापड आणि धान्य घेताना, हातात कागद नसताना, हे पाढे पोटापाण्याचे होते, एवढं खरं.

आणि बाजारच पाव-अर्ध्याचा होता. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. सगळं अर्धं करत खाली जायचं किंवा दुप्पट करत वर. रुपयाचे आणे सोळा. सोळाच का? अर्धा करा, आठ. पुन्हा अर्धा, चार. दोन. एक. तराजूवर अर्धं करायला गणित लागत नाही, दोन पारडी सारखी झाली की झालं. आठ आण्यांना अधेली, चार आण्यांना पावली, दोन आण्यांना चवली. एखाद्याला "पावली कम आहे" म्हणतो ते इथलंच: रुपयात चार आणे कमी. इंग्रजांच्या पौंड वजनाचेही औंस सोळाच.

पेशवाईतल्या मोडी हिशेबांत हे लिहायची पद्धत तर मला फार आवडली. पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. त्याखाली आण्याला आडवी रेघ, एक, दोन किंवा तीन. चार आडव्या झाल्या की एक उभी. पाच रुपये दहा आणे लिहायचे तर ५॥= असं. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, दोन आडव्या म्हणजे दोन. मुलांना हे दाखवा, कोडं म्हणून त्यांना आवडतं. दशांश चिन्हानंतर पहिलं घर दहाव्या हिश्शाचं आणि दुसरं शंभराव्या हिश्शाचं, तसं इथे पहिलं घर चौथ्या हिश्शाचं, दुसरं सोळाव्या हिश्शाचं. ३॥ शहाणे असंही जुन्या पुस्तकांत दिसतं ते हेच. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे नाना फडणवीस, कारण लेखणी होती पण तलवार नव्हती, असं सांगतात.

या सोळाचं मूळ खूप मागे जातं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. (जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. सुट्टीत गेलात तर बघा.) त्याच पुस्तकात एका चिक्कू माणसाचं गणित आहे. भिकाऱ्याने हात पसरला तेव्हा त्याने द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण हिश्शाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव दिला. तर किती कवड्या दिल्या? लेकीला मी हे रविवारी दिलं. तिने सगळे वरचे आकडे गुणले, सगळे खालचे गुणले, काटाकाटी केली, १/१२८० आलं. मग कोष्टक पाहिलं: १६ गुणिले ४ गुणिले २० म्हणजे १२८०. "एकच?" म्हणून ती ओरडली. एकच कवडी. पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा विनोद, आमच्या स्वयंपाकघरात पहिल्या फटक्यात कळला. (पावणेनऊशे म्हणजे ८७५. मुलांना विचारा कसे ते.)

मग हे सगळं गेलं कुठे? सरकारने कायदा बदलला १९५५ मध्ये, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशेब्याण्णव पै. आई तेव्हा तिसरीत होती. तिला आठवतं ते एवढंच, की आजोबा रात्री कंदिलाशी बसून पुटपुटत होते. पुटपुटण्यासारखंच होतं. एक आणा म्हणजे नेमके सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून जवळचा पुरता आकडा धरायचा: एका आण्याचे सहा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. चार वेळा एकेक आणा दिला तर चोवीस पैसे जातात, एकदम चार आणे दिले तर पंचवीस. १९५८ पासून किलो आणि मीटर यायला लागले. १९६४ मध्ये नव्या पैशातला "नवा" गळला. पावकी-निमकी शिकवायचं व्यावहारिक कारणच संपलं. दशमान पद्धत सोपी आहे यात वाद नाही, मला कोणी आणे-पैचा हिशेब करायला लावला तर मी पळून जाईन. पण शंभराचे तीन सारखे वाटे होत नाहीत, एकशेब्याण्णवचे होतात, प्रत्येकी चौसष्ट. जुन्या लोकांना अगदीच अक्कल नव्हती असं नाही.

आता आपण ज्या देशात राहतो तो बघा. इथे हाच बदल व्हायला १५ फेब्रुवारी १९७१ उजाडला, भारतानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी. तोवर पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगचे बारा पेनी, एकूण दोनशेचाळीस. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत. माझ्या लेकीने त्यांना विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं, शिलिंगचे पाच पेन्स आणि सहा पेन्सच्या नाण्याचे अडीच. अडीच! ते सिक्सपेन्सचं नाणं अडीच नव्या पेन्सचं म्हणून १९८० पर्यंत चाललं. तुमच्या आसपास सत्तरीपुढचं कोणी असेल तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा. आपल्या आजीचं आणि त्यांचं बालपण या एका बाबतीत सारखं निघतं.

नॉटिंगहॅमकरांनो, तुम्ही स्नेंटनची पवनचक्की पाहिली असेल. तिथे दळलेलं पीठ मिळतं, मी आणते. ती जॉर्ज ग्रीनची. बाप बेकरीवाला, त्याने १८०७ मध्ये गिरणी बांधली. मुलगा आठव्या वर्षी, १८०१ च्या मार्चमध्ये, रॉबर्ट गुडएकरच्या शाळेत गेला आणि १८०२ च्या उन्हाळ्यात बाहेर पडला. शाळा एवढीच, सव्वा वर्षाची. पुढे वडिलांचं काम सांभाळून तो स्वतःच गणित शिकला आणि १८२८ मध्ये वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध इथेच नॉटिंगहॅमला छापला. आजही जगभर पदार्थविज्ञानाच्या वर्गांत त्याचं नाव घेतात. वर्गणीदार पन्नासेक मिळाले. किंमत होती सात शिलिंग सहा पेन्स.

म्हणजे साडेसात शिलिंग. आता हे दशांशात करा. साडेसात भागिले वीस, ०.३७५ पौंड. हा आकडा बघून काही कळतं का? मला नाही कळत. आईला फोनवर विचारलं, विसातले साडेसात म्हणजे रुपयात किती? ती म्हणाली, "सहा आणे." क्षणभरही थांबली नाही. विसाचा पाव पाच, म्हणजे चार आणे. उरले अडीच, ते पाचाचे अर्धे, म्हणजे दोन आणे. मोडीत ।= असं. एक उभी, दोन आडव्या. ०.३७५ मध्ये न दिसणारं सगळं तीन रेघांत दिसतं.

आणि इथेच मला लेकीच्या दुसऱ्या एका चुकीचं कारण सापडलं. तिला विचारलं होतं, ०.५, ०.२५, ०.१२५ यांत सर्वांत मोठं कोणतं? तिने ०.१२५ वर गोल केला. कारण १२५ हे २५ पेक्षा मोठे, २५ हे ५ पेक्षा मोठे. ही चूक जगभरची मुलं करतात, काळजी करू नका. पण आपल्या घरात आपण तिला खतपाणी घालतो. मी सर्रास "पॉइंट पंचवीस" म्हणायचे. पंचवीस म्हटलं की कानाला पंचवीसच ऐकू येणार ना! इथल्या शिक्षिका "पॉइंट टू फाइव्ह" असं सुटं सुटं म्हणतात ते याचसाठी. पैशाने आणखी घोळ होतो, कारण तीन पाउंड पन्नासला सगळेच "थ्री फिफ्टी" म्हणतात, आणि मग ३.५ आणि ३.५० वेगळे वाटायला लागतात.

तर मी तेच तीन आकडे तिला मराठीत वाचायला लावले. अर्धा. पाव. अदपाव. आता मोठं कोणतं? तिने माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न आहे का. अर्धा किलो, पाव किलो आणि अदपाव यांत मोठं काय हे कळायला शाळा लागत नाही. मग तिनेच विचारलं, अदपावचा अर्धा? म्हटलं छटाक. कॅल्क्युलेटरवर तिने केलं: ०.०६२५. "म्हणजे आजीचा आणा!" रुपयात सव्वासहा पैसे, तोच आकडा.

इथल्या अभ्यासक्रमात इयर फोरला पाव, अर्धा आणि पाऊण यांची दशांश रूपं ओळखायची असतात. फक्त तीन. आपल्याकडे त्या तिन्हींचे पाढे होते आणि आणखी चार वर. शाळा हे शिकवणार नाही, तिने शिकवावं अशी अपेक्षाही नाही. भारतातल्या शाळाही आता शिकवत नाहीत. तिकडे तर २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी "वीस एक" असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? मी तेव्हा त्या बदलाच्या विरोधात तावातावाने लिहिलं होतं. आज वाटतं, पंचविसात आधी पाच आणि मग वीस ऐकू येणाऱ्या माझ्या लेकीला तो "वीस पाच" बरा पडला असता. पण पावणेदहाला तसा पर्याय नाही. नऊ पंचेचाळीस म्हणता येतं, आणि हल्ली साताऱ्यातली मुलंही म्हणतात, फक्त आजी म्हणत नाही.

आम्ही फार काही केलं नाही. फ्रिजवर एक कागद लावला: आजी पावणेदहा, आपण सव्वाचार. गुगलला न विचारता फरक साडेपाचच का हेही लेकीने काढलं. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पंधरा अंशांना एक तास, साडेब्याऐंशी भागिले पंधरा. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे गेली, तेव्हा तिने स्वतःच सव्वाचार खोडून सव्वापाच केलं. मला आठवणही नव्हती. पुढच्या खेपेला मावशी बाळाला घेऊन आली तेव्हा फोन वेळेवर लागला. बाळ मात्र पूर्ण वेळ रडत होतं.

आता दोघींचं रोज दहा मिनिटं चालतं. आजी पाऊणकी विचारते, लेक तिला इंग्रजीत "पॉइंट सेव्हन फाइव्ह" म्हणायला शिकवते. परवा त्या औटकीवर आल्या आणि दोघींनी मिळून मला विचारलं, अकरा औटे किती? मी फोनचं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत साताऱ्याहून उत्तर आलं होतं, साडेअडतीस.